जुने औषध, नवा विषाणू आणि व्याधीची अवस्था

मार्च २०२० चा शेवटचा आठवडा होता. टाळेबंदी नुकतीच लागू झाली होती. सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी रस्ते ओस पडले होते. दवाखाना उघडा होता, पण रुग्ण तुरळक. दुपारी शेजारच्या औषध दुकानात गेलो असता तेथे आमची एक जुनी रुग्णा उभी दिसली. ही बाई सहा वर्षे आमवाताने पीडित. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी तिला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची दोनशे मिलिग्रॅमची गोळी नियमित घेण्यास सांगितलेली. आमच्याकडे ती सिंहनाद गुग्गुळ, वालुकास्वेद आणि पथ्याच्या सल्ल्यासाठी येत असे. दुकानदार स्नेह्यांनी रिकामा खण ओढून दाखविला. चार दिवसांत सगळ्या पट्ट्या संपल्या होत्या आणि घाऊक विक्रेत्याकडून माल येत नव्हता. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "डॉक्टर, मला ताप नाही की खोकला नाही. मला माझी नेहमीचीच गोळी पाहिजे."

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या संपलेल्या पट्ट्यांपैकी काही आमच्याच चिठ्ठीवर गेल्या होत्या.

घडले होते ते असे. २२ मार्च २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कृतिदलाने या औषधाचा प्रतिबंधासाठी वापर करण्याविषयी एक सूचनापत्र काढले. कोविडच्या संशयित अथवा निश्चित रुग्णांची सेवा करणारे, स्वतः लक्षणरहित असलेले आरोग्यसेवक, आणि निश्चित रुग्णाच्या घरातील लक्षणरहित माणसे, एवढ्यांपुरतेच ते होते. पहिल्या दिवशी चारशे मिलिग्रॅम दोन वेळा, पुढे आठवड्यातून एकदा चारशे. आरोग्यसेवकांना सात आठवडे, घरच्यांना तीन. पंधरा वर्षांखालील मुलांना व दृष्टिपटलाचा विकार असणाऱ्यांना देऊ नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. आमच्या तालुक्यात त्या दिवशी कोविडचा एकही निश्चित रुग्ण नव्हता. तरीही पुढच्या आठवड्यात एक बँक अधिकारी, एक निवृत्त मुख्याध्यापक, नात्यातील दोघे आणि एक पतसंस्थेचे संचालक अशा पाच जणांना आम्ही ओळखीखातर ही गोळी लिहून दिली. महाराष्ट्रात नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची जी मुभा १९९२ च्या शासकीय अधिसूचनेने मिळाली, तिचा असा उपयोग आम्ही केला.

साथ ओसरून आता काही वर्षे झाली. त्या वादातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे चाचण्यांनी दिली आहेत. तरी आपल्या मेळाव्यांत अजून दोन तऱ्हेची विधाने ऐकू येतात. कोणी म्हणतो, ते स्वस्त औषध बड्या कंपन्यांनी मुद्दाम मारले. कोणी म्हणतो, आधुनिक वैद्यक कसे गोंधळले ते पाहा, आपले बरे. आम्हांस ही दोन्ही विधाने सोयीची वाटतात, खरी वाटत नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

औषधाचा पूर्वेतिहास

क्लोरोक्वीन १९३४ साली जर्मनीत एल्बरफेल्ड येथील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरझाग यांनी तयार केले. प्रथम ते फार विषारी समजून बाजूस ठेवले गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिवतापावरील औषध म्हणून पुन्हा पुढे आले. त्याचेच सौम्य भावंड म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. अमेरिकेत त्याला १९५५ मध्ये मान्यता मिळाली. हिवतापापेक्षा आमवात आणि ल्यूपस या व्याधींत त्याने अधिक नाव कमावले. पेटंट केव्हाच संपलेले, किंमत अल्प, वापर लाखोंचा. दीर्घकाळ घेणाऱ्याने डोळ्यांची नियमित तपासणी करावी आणि हृदयाच्या विद्युतालेखातील क्यूटी अंतर वाढविणाऱ्या इतर औषधांबरोबर ते जपून द्यावे, एवढी पथ्ये सांभाळली की हे औषध चांगले सोबती ठरते.

विषाणूंविरुद्ध त्याचा विचार २०२० मध्येच प्रथम झाला असे नाही. २००५ मध्ये पहिल्या सार्स विषाणूवर काचपात्रातील पेशींमध्ये क्लोरोक्वीनचा परिणाम दिसल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. पुढच्याच वर्षी हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर चिकुनगुनियाची मोठी साथ आली. प्रयोगशाळेत क्लोरोक्वीन चिकुनगुनियाच्या विषाणूलाही अटकाव करीत असे, म्हणून तेथे रुग्णांवर चाचणी झाली. गुण दिसला नाही. उलट काही महिन्यांनी पाहिले तेव्हा औषध घेतलेल्यांत सांधेदुखीची तक्रार अधिक आढळली. त्याच २००६ साली महाराष्ट्रातही चिकुनगुनिया होता आणि आपल्यापैकी कित्येकांनी तेव्हा क्लोरोक्वीन लिहिले असेल. आम्ही नुकतेच व्यवसायात आलो होतो. वडीलधारी मंडळी जे लिहीत ते आम्ही लिहीत असू. रेयुनियाँचा निष्कर्ष आमच्या वाचनात आला तो थेट २०२० नंतर.

छत्तीस रुग्ण

वादाला तोंड फुटले ते फ्रान्समधील मार्सेय येथील एका अभ्यासाने. दिदिए राउल्त यांच्या गटाने मार्च २०२० मध्ये छत्तीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. वीस रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, त्यांतील सहांना जोडीला अझिथ्रोमायसिन, सोळा तुलनेसाठी. सहाव्या दिवशी नाकातील स्रावाची तपासणी केली तर औषध घेणाऱ्यांत विषाणू फार कमी जणांत आढळला. जगभर ही बातमी गेली. आम्हीही ती मोबाइलवर वाचली आणि पुढे पाठविली.

मूळ निबंध आम्ही वाचला नव्हता. वाचला असता तर एक गोष्ट डोळ्यांत भरली असती. औषधाच्या गटात आरंभी सव्वीस रुग्ण होते. सहा जणांना हिशेबातून वगळले होते. त्यांपैकी तिघे अतिदक्षता विभागात गेले, एक दगावला, एकाने मळमळीमुळे औषध सोडले आणि एक रुग्णालय सोडून गेला. ज्यांचे वाईट झाले त्यांना वगळून उरलेल्यांची टक्केवारी काढली तर कोणतेही औषध गुणकारी ठरेल. तुलनेचा गटही चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता. त्यात औषध नाकारलेले व दुसऱ्या केंद्रातील रुग्ण होते. हा निबंध अखेर डिसेंबर २०२४ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. मधल्या काळात त्याच्या आधारावर काय काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे.

व्यवसायबंधूंनी येथे क्षणभर स्वतःच्या रुग्णपत्रिका आठवाव्यात. "माझ्याकडे शंभर रुग्ण बरे झाले" असे आपण म्हणतो तेव्हा जे पुन्हा फिरकलेच नाहीत त्यांचे काय झाले, हे आपल्याला माहीत असते काय? मार्सेयच्या वैद्यांकडे निदान वगळलेल्या सहांची नोंद तरी होती.

बाजारातील वादळ

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २८ मार्च २०२० रोजी आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी दिली आणि १५ जून रोजी ती रद्द केली. भारत या औषधाचा मोठा उत्पादक. इप्का आणि झायडस या आपल्याकडील कंपन्यांची नावे तेव्हा परदेशी वृत्तपत्रांत झळकू लागली. केंद्र सरकारने २५ मार्चला निर्यातीवर बंदी घातली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती सैल केली. औषध दुकानदारांसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे २६ मार्चच्या अधिसूचनेने हे औषध एच-१ अनुसूचीच्या अटींखाली आणले गेले. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. एप्रिलमध्ये धारावी व वरळीच्या दाट वस्तीत प्रतिबंधासाठी ही गोळी देण्याचा विचार मुंबई महापालिकेने केला होता. तो पुढे बाजूस ठेवला गेला.

आमची रुग्णा अकरा दिवस गोळीविना राहिली. सकाळचा ताठरपणा वाढला, दोन्ही मनगटे सुजली. हे औषध शरीरात हळूहळू साठणारे आणि हळूहळू उतरणारे असल्याने अकरा दिवसांत फार मोठा उद्रेक झाला नाही, हे तिचे नशीब. ल्यूपसच्या रुग्णाला महिनाभर गोळी न मिळाली तर काय होऊ शकते याची कल्पना वाचकांस असेलच.

काचपात्र आणि फुप्फुस

औषध काम का करील, असे लोकांना वाटले होते? त्यामागे एक सुसंगत तर्क होता. विषाणू पेशीत शिरताना तिच्या आतील आम्लधर्मी पिशवीतून जातो. क्लोरोक्वीन त्या पिशवीची आम्लता कमी करते आणि वाट अडते. आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या वृक्कापासून तयार केलेल्या व्हेरो नावाच्या पेशींत हे स्पष्ट दिसत होते. मात्र जुलै २०२० मध्ये जर्मन संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखविले की मानवी फुप्फुसाच्या पेशींत हाच विषाणू दुसऱ्या दाराने शिरतो. तेथे पृष्ठभागावरील एक विकर त्याला आत घेते, आम्लधर्मी पिशवीची गरज उरत नाही आणि क्लोरोक्वीन निष्प्रभ ठरते.

अनुमान चुकीचे नव्हते, पेशी चुकीच्या होत्या. आपल्या शास्त्रात परीक्षेची चार साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. चरकाचार्यांनी युक्तीला वेगळे स्थान दिले ते उगीच नव्हे. अनेक कारणे एकत्र येऊन परिणाम घडतो तेव्हा एका कारणावर बसविलेले अनुमान किती लंगडे पडते, याचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांना देता येणार नाही.

विरोधकांचीही घाई

आता दुसरी बाजू. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित साप्ताहिकात एक निबंध आला. सहा खंडांतील शहाण्णव हजार रुग्णांच्या माहितीवरून त्यात म्हटले होते की हे औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा गट तातडीने थांबविला. परंतु ती माहिती पुरविणारी सर्जिस्फिअर नावाची छोटी कंपनी मूळ नोंदी दाखवू शकली नाही. ४ जूनला निबंध मागे घेण्यात आला. तेरा दिवसांचे आयुष्य! औषधाच्या विरोधकांनी तो जितक्या उत्साहाने उचलून धरला होता, तितक्याच उत्साहाने समर्थकांनी मार्सेयचा अभ्यास धरला होता. निष्कर्ष आपल्या मनासारखा असला की पुराव्याची नाडी कोणी पाहत नाही. याबाबतीत पॅथीपॅथींत भेद नाही.

दोन्हीकडचा गलबला शांत झाला तो चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या मोठ्या चाचण्यांमुळे. इंग्लंडमधील 'रिकव्हरी' चाचणीत १५६१ रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन दिले, ३१५५ रुग्णांना नेहमीचे उपचार. अठ्ठावीस दिवसांत दगावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २७ टक्के आणि २५ टक्के. म्हणजे उपयोग नाही. समर्थकांनी आक्षेप घेतला की मात्रा फार मोठी होती आणि औषध फार उशिरा, रुग्णालयात दाखल झाल्यावर दिले. आक्षेप रास्त होता आणि त्याचे उत्तरही दुसऱ्या चाचणीत होते. अमेरिका व कॅनडा येथे रुग्णाच्या संपर्कात आलेल्या ८२१ निरोगी माणसांना चार दिवसांच्या आत हे औषध अथवा प्लासिबो दिले गेले. औषध घेतलेल्यांत ११.८ टक्के आजारी पडले, प्लासिबो घेतलेल्यांत १४.३ टक्के, हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला. आपल्याकडे परिषदेच्या एका निरीक्षणात चार अथवा अधिक साप्ताहिक मात्रा घेतलेल्या आरोग्यसेवकांत लागण कमी दिसली होती, हेही नमूद केले पाहिजे. पण जो माणूस आठवड्याची गोळी न चुकता घेतो तो मुखपट्टी आणि हातमोजेही न चुकता वापरतो. दोहोंतले श्रेय कोणाचे, हे चिठ्ठ्या टाकल्याशिवाय कळत नाही.

आयव्हरमेक्टिनची कथाही याच वळणाची, म्हणून थोडक्यात सांगतो. जपानी मातीतील जिवाणूपासून मिळालेले, कृमींवरील अप्रतिम औषध. त्याच्या शोधकांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मे २०२१ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी अठरा वर्षांवरील सर्वांना ते पाच दिवस देण्याची घोषणा केली. ब्राझीलमधील १३५८ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष मार्च २०२२ मध्ये आले, त्यात रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटले नाही. भारतातील राष्ट्रीय उपचारसूचीतून ही दोन्ही औषधे सप्टेंबर २०२१ मध्ये वगळण्यात आली होती.

जे औषध चालले

या सगळ्या गलबल्यात एक जुने, स्वस्त, पेटंट संपलेले औषध खरोखर चालले. डेक्सामेथासोन. 'बड्या कंपन्या स्वस्त औषध चालू देत नाहीत' या तक्रारीचे उत्तर त्याच 'रिकव्हरी' चाचणीत आहे. १६ जून २०२० रोजी निष्कर्ष जाहीर झाले. दिवसाला सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. श्वासयंत्रावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ प्राणवायूवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांच्यात? नेहमीच्या उपचारांत १४ टक्के, डेक्सामेथासोन घेणाऱ्यांत १७.८. हा शेवटचा फरक सांख्यिकीदृष्ट्या निश्चित नव्हता, परंतु लाभ नाही आणि अपायाची शंका आहे, एवढे त्यातून निघत होते.

व्याधी तीच, विषाणू तोच, औषध तेच, मात्रा तीच, फरक अवस्थेचा. आरंभी विषाणू वाढत असतो, तेव्हा शरीराच्या प्रतिकारशक्तीला दाबणे म्हणजे चोराला दार उघडून देणे. उत्तर अवस्थेत विषाणू मागे पडतो आणि प्रतिकारशक्तीचाच वणवा फुप्फुस जाळू लागतो, तेव्हा तो दाबणे जीवनदायी ठरते.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. नवज्वरात कषाय रसाचे औषध वर्ज्य, आधी लंघन व पाचन. तेच तूप जे जीर्णज्वरात अमृतासमान ते तरुणज्वरात अहितकर. आमातिसारात स्तंभन दिले तर मल थांबतो, पण मागाहून आध्मान, शोथ, ग्रहणी अशी व्याधींची रांग लागते. हे आपण पाठ केले आहे, परीक्षेत लिहिले आहे. चरकाला डेक्सामेथासोन ठाऊक होते असा दावा करण्याचा उत्साह मात्र कृपया कोणी दाखवू नये; दाव्यांची आपल्याकडे वाण नाही. आमचे म्हणणे इतकेच की अवस्था पाहून औषध देण्याची सवय ज्यांच्या शिक्षणातच आहे, त्यांनी तरी २०२१ मध्ये ती पाळायला हवी होती.

एप्रिल २०२१ मधील एक रुग्ण येथे सांगतो. मार्केट यार्डातील अडत व्यापारी, वय बावन्न, बारा वर्षांचा प्रमेही. तापाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी डेक्सामेथासोन सुरू केले. प्राणवायूची पातळी सत्याण्णव. चिठ्ठी कोणाची? मेहुण्याची, मोबाइलवर फोटो आलेली. औषध त्यांना दुसऱ्या गावच्या दुकानात मिळाले. सहा मिलिग्रॅम दहा दिवस हे प्रमाण त्या फोटोत बरोबर होते. फक्त मेहुणे प्राणवायूवर होते आणि हे घरी खाटेवर. दहाचे अठरा दिवस झाले. आमच्याकडे आले तेव्हा रक्तशर्करा चारशेच्या पुढे होती, डावा गाल बधिर होता आणि त्याच बाजूची पापणी उतरली होती. नाकातून काळपट स्राव. आम्ही त्याच तासाला पुण्याला पाठविले. जीव वाचला, डावा डोळा काढावा लागला. त्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण इतके वाढले की केंद्र सरकारने राज्यांना हा व्याधी साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. प्रमेह आणि अवेळी, अवाजवी दिलेले स्टेरॉइड ही जोडी त्यातल्या बहुतेक कहाण्यांत होती.

युक्तीने योजलेले विषही औषध होते आणि युक्तीवाचून दिलेले औषध विष होते, हा चरकाचा विचार आपण भाषणांत वारंवार सांगतो. त्या व्यापाऱ्यांच्या घरी हे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

आपल्या घरातले जुने औषध

आता जे लिहितो ते काही वाचकांना रुचणार नाही. हिवतापावरचे जुने औषध कोविडसाठी पुढे काढणे हा प्रकार आपल्या घरातही घडला. आयुष-६४ हा सप्तपर्ण, कटुकी, किराततिक्त आणि लताकरंज यांचा योग केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८० मध्ये विषमज्वरासाठी सिद्ध केला. एप्रिल २०२१ च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने सौम्य व मध्यम कोविडमध्ये तो उपयुक्त असल्याचे जाहीर केले आणि मे महिन्यात देशभर वाटप सुरू झाले. आम्हीही दिला, आजही ज्वरात देतो.

त्यामागे चाचणी होती, ही समाधानाची बाब. वर्धा, लखनौ आणि मुंबई येथील केंद्रांत १४० रुग्ण, दोन गट, नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून औषध. जोड घेतलेले रुग्ण लवकर बरे झाले. परंतु चाचणी उघड होती. आपण औषध घेत आहोत हे रुग्णाला आणि आपण देत आहोत हे वैद्याला माहीत होते. घरी आपोआप बरा होणाऱ्या सौम्य व्याधीत 'मला आता बरे वाटते' हे उत्तर अशा माहितीने सहज बदलते. मृत्यू टळतात का, हे सांगण्यास १४० ही संख्या फार तोकडी. मार्सेयच्या छत्तीस रुग्णांवर आपण जी टीका करतो, तिच्यातले अर्धे शब्द येथेही लागू पडतात; चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते हा मोठा फरक मान्य करूनही.

आणखी एक गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. सन २००० मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात व्हायव्हॅक्स हिवतापात आयुष-६४ आणि क्लोरोक्वीन यांची समोरासमोर तुलना प्रसिद्ध झाली होती. क्लोरोक्वीन घेणारे सर्व रुग्ण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बरे झाले. आयुष-६४ घेणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याहून थोडे कमी होते. ज्या व्याधीसाठी योग निर्माण झाला तेथे तो जुन्या आधुनिक औषधापुढे कमी पडला होता. यावरून तो कोविडमध्ये निरुपयोगी ठरत नाही, तसा 'हिवतापात सिद्ध' हे विशेषण लावून कोविडमध्ये गुणकारीही ठरत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनला जो न्याय, तोच यालाही.

गुळवेलीचे तसेच. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्यातून गुळवेलीच्या काड्यांच्या जुड्या रोज जात असत. सर्वांना, सरसकट, महिनोन् महिने. प्रकृती, वय, अग्नी, सोबतचा व्याधी यांपैकी काही न पाहता. जुलै २०२१ मध्ये मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की खरी गुडूची नसून टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात वापरली गेली असण्याची शक्यता लेखकांनी तपासलेली नाही. आमच्या संघटनेच्या सभेत त्या उत्तराचे टाळ्यांनी स्वागत झाले. आम्हीही टाळ्या वाजविल्या आणि घरी येताना मनात आले की आमच्या दवाखान्यातली वेल तरी आपण तपासली होती का? एक ओळखीचा माणूस ती ओढ्याकाठून तोडून आणून देई. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठीगाठी असतात, गुडूचीच्या नसतात. एवढी साधी खूणही आम्ही २०२० मध्ये एकदाही पाहिली नव्हती. ज्या औषधी दुकानांतून चूर्ण व घनवटी विकली जाते त्यांच्याकडे द्रव्यनिश्चितीचे प्रमाणपत्र असते काय, हे मालक मंडळींनीच सांगावे.

आता आम्ही गुळवेल एकाच ठिकाणाहून, कडुनिंबावरची, खोड व पान पाहून घेतो. कधी दिली, किती दिवस दिली, हे लिहितो. आधीच यकृतविकार अथवा स्वप्रतिकारजन्य व्याधी असेल तर दीर्घकाळ देत नाही. देणे भागच पडले तर महिन्याने यकृताची रक्ततपासणी करून घेतो. रुग्णांची संख्या याने थोडी घटली. काढा मागायला येणारा माणूस प्रश्न विचारले की दुसरीकडे जातो.

ती आमवाताची रुग्णा मात्र अजून येते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालूच आहे. दर वर्षी दिवाळीनंतर साताऱ्यास जाऊन दृष्टिपटलाची तपासणी करून येते आणि कागद आम्हांस दाखविते. त्या अकरा दिवसांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. आम्ही एकदा काढला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार होता डॉक्टर, गोळ्याच नव्हत्या."

२०२३ च्या एप्रिलमध्ये दुकानदार स्नेह्यांनी जुन्या नोंदवह्या आवरायला काढल्या. एच-१ च्या वहीची तीन वर्षे पूर्ण झाली होती. रद्दीत देण्यापूर्वी त्यांनी आम्हांस हाक मारली आणि २७ मार्च २०२० चे पान उघडले. पाच नावे, प्रत्येकापुढे गोळ्यांची संख्या आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या रकान्यात पाचही वेळा आमचे नाव. त्या पानाची एक छायाप्रत काढून आम्ही दवाखान्याच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे; रुग्णाच्या बाजूने ती दिसत नाही.